चौथ्यांदा भट्टीत

रहेमानचाचांनी केकच्या पोटात सुरी खुपसली, बाहेर काढली, दाराच्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मान हलवली.

"कच्चा आहे बेटी. आत नुसता चिखल."

"पण पंचवीस मिनिटं झाली, चाचा. खोक्यावर पंचवीसच लिहिलंय."

"खोक्यानं माझी भट्टी बघितलीय का?"

रांगेतल्या बायका हसल्या. मार्थाआत्याही हसली, आणि तेच मला जास्त लागलं. मी ट्रेवर वाकून पाहिलं. केक फुगलाच नव्हता. दोन बोटं उंचीचा, सपाट, वर पातळ चकचकीत पापुद्रा आणि त्याला भेगा. खोक्यावरच्या चित्रात चौकोनी काळेभोर तुकडे एकावर एक रचलेले होते, त्यामुळे हा केक वीतभर तरी उंच होणार असं आम्ही धरूनच चाललो होतो.

"परत घाला," आत्या म्हणाली. "माझ्या भावजयीनं मस्कतहून पाठवलाय. कच्चा कसा न्यायचा?"

चाचांनी सुरी कागदाला पुसली आणि तो कागद माझ्या हातात दिला. "घे, चाट तोवर."

मी चाटला. इतकं चांगलं काही मी तोवर खाल्लं नव्हतं. कच्चा असून असा लागतो, तर भाजल्यावर कसा लागेल, असं मला वाटलं आणि जरा धीर आला. चाचांनी ट्रे लांब दांड्याच्या फळीवर ठेवून पुन्हा भट्टीत सरकवला.

ही नगरमधली गोष्ट. १९९७ साल, तेवीस डिसेंबरची दुपार. आमच्या गल्लीत ओव्हन कुणाकडेच नव्हता. नाताळ आला की ख्रिस्ती घरांतल्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून चाचांच्या बेकरीत जायच्या. दिवाळीआधी हिंदू बायका जायच्या, ईदच्या आधी मुसलमान. चाचांचा पाव पहाटेच भाजून निघून गेलेला असायचा, आणि दुपारी दोन ते पाच उतरती भट्टी आम्हाला मिळायची. आपला ट्रे भरायचा, नावाची चिठ्ठी पिठात खोचायची आणि बाकावर बसून दुसरीच्या ट्रेकडे बघायचं. कुणाची नानकटाई पसरली, कुणी तुपाला हात आखडला, कुणाचा केक मध्ये बसला, हा विषय ईस्टरपर्यंत पुरायचा.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि सगळ्या जगावर चिडलेली होते. त्याला कारण होतं. माझी आई, सरोज, मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स होती. मी नऊ वर्षांची असताना ती गेली. पप्पा शाळेत सुतारकाम शिकवायचे, त्या शाळेचा पगार कधी यायचा, कधी नाही. घरावर पत्रे होते, त्याची स्लॅब व्हायची होती. आई म्हणाली दोन वर्षं. मग आणखी दोन झाली. मध्ये एकदा सुट्टीवर ती महिनाभर येऊन गेली आणि जाताना माझी वेणी घालत म्हणाली, "आता जानेवारीत करार संपतो. मग कायमची येते, एस्तू." माझं नाव एस्तेर. मला एस्तू ती एकटीच म्हणायची.

म्हणून त्या डिसेंबरात मी एकेक दिवस मोजत होते. आणि अठरा तारखेला आईच्या दवाखान्यातली डेझीमावशी सुट्टीवर आली, तिच्या बॅगेतून आईचं सामान आलं. पप्पांना शर्ट, आत्याला मलमाची बाटली, आणि मला हे खोकं. चिठ्ठीत लिहिलं होतं, "हा चॉकलेटचा प्रकार अगदी सोपा आहे. पीठ तयार असतं. अंडी, तेल, पाणी घालायचं आणि भाजायचं. नाताळला कर आणि मला सांग कसा झाला." करार संपण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी चिठ्ठी उलटून मागेही पाहिलं.

डेझीमावशीला मी विचारलं, "आई येणार ना जानेवारीत?"

ती आत्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "ते तीच सांगेल गं. अजून काही ठरलेलं नाही."

म्हणजे ठरायचं होतं. तेव्हा मी माझ्यापुरतं एक ठरवून टाकलं. ते प्रार्थनेत ठरवलं, म्हणजे त्यातून माघार नाही. केक खोक्यावरच्या चित्रासारखा झाला, तर आई येणार. नाही झाला, तर नाही. असली पैज देवाशी लावायची नसते हे मला संडे स्कूलमध्ये चांगलं शिकवलं होतं. तरी लावली.

त्यामुळे पीठ भिजवताना मी कुणालाही काही बदलू दिलं नाही. मार्थाआत्या ही पप्पांची मोठी बहीण, नवरा लवकर गेल्यावर आमच्याकडेच राहिलेली. बायबलातल्या मार्थेसारखी तीही सदा स्वयंपाकघरात, आणि बाकीचे काहीच करत नाहीत म्हणून कुरकुरणारी. तिनं खोकं कापलं, आतली पिशवी हातावर तोलली आणि तोंड वाकडं केलं.

"एवढंच? ह्यात गल्लीत काय वाटणार, कप्पाळ? दोन वाट्या मैदा घाल वरून."

"नाही. खोक्यावर मैदा नाहीये."

"बरं, रवा घाल थोडा."

"आत्या!"

"ओरडू नकोस. तेल किती म्हणतंय?"

"अर्धा कप."

"केकात तेल? भजी तळायचीत का? तूप घाल की, घरचं आहे."

"तेलच. आईनं चिठ्ठीत तेल लिहिलंय."

आईचं नाव काढल्यावर आत्यानं तुपाचा डबा परत ठेवला. अंडी मी फोडली. पाणी मी घातलं, औषधाच्या झाकणानं मोजून. पप्पा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी लाकडी डावाला कालच नवी दांडी बसवून ठेवली होती, ह्या कामासाठी. मी घोटायला लागले तेव्हा ते म्हणाले, "तुझी आई पण असंच ओठ चावत घोटते." मग वळून कामाला गेले.

असा तो केक घेऊन मी बेकरीत आले होते. चिठ्ठीवर मी आत्याचं नाव लिहिलं नाही, पप्पांचंही नाही. 'सरोजिनी पाथरे, मस्कत' असं लिहिलं. चाचांनी ती वाचली आणि म्हणाले, "वा, मस्कतची ऑर्डर!"

दुसऱ्यांदा ट्रे बाहेर आला तेव्हा केक होता तेवढाच होता. सुरी पुन्हा ओली निघाली, पहिल्यापेक्षा जरा कमी.

"फुगत का नाही?" मी विचारलं.

"सोडा गेला असेल," लिलाबाई ओहोळ बाकावरून म्हणाल्या. त्यांची नानकटाई नुकतीच चांगली फुलून आली होती, त्यामुळे त्यांना आता सल्ल्याला मोकळीक होती. "परदेशी माल, बाई. समुद्रावरून येईपर्यंत त्यातला जीव जातो."

"जीव गेलेला नाही!" मी म्हणाले.

"अगं, केकचं बोलतेय मी."

"परत घाला, चाचा."

चाचांनी जरा विचार केला. "बेटी, वास तर झाल्याचा येतोय."

"पण सुरी ओली आहे ना? सुरी कोरडी निघाली पाहिजे. तुम्हीच म्हणता."

आणि ते खरंच होतं. चाचा वीस वर्षं हेच म्हणत होते, आणि त्या बेकरीतल्या प्रत्येक बाईला हे तोंडपाठ होतं. केक म्हणजे फुगणार. केक म्हणजे सुरी कोरडी. न फुगणारा, आतून ओला राहणारा केक जगात असतो आणि लोक तो मुद्दाम तसा खातात, असं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं आणि कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. खोक्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात बरंच काही होतं. मी आठवीत होते. मी अंडी, तेल, पाणी, मिनिटं एवढंच शोधून काढलं होतं, बाकीच्याला माझं इंग्रजी पुरं पडलं नाही.

तिसऱ्यांदा कडा काळ्या झाल्या होत्या. मध्ये सुरी घातली तर टोकाला अजून थोडं चिकटलं. आत्या म्हणाली, "राहू दे गं आता. नेऊ घरी. कडा कापून टाकू."

"नाही."

"एस्तेर, करपेल."

"मध्ये कच्चा आहे! चित्रासारखा झाला पाहिजे!"

माझा आवाज इतका चढला की बेकरीतलं बोलणं थांबलं. आत्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. तिला काय कळलं कोण जाणे, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी झटकला. ह्या झटकण्याचं मला अजून वाईट वाटतं.

चाचा म्हणाले, "शेवटचा हं." आणि चौथ्यांदा ट्रे भट्टीत गेला.

मी बाकावर बसून डोळे मिटले आणि प्रार्थना करायला लागले. आमेन म्हणायच्या आतच वास बदलला. चाचांनी ट्रे घाईनं ओढला. ह्या वेळी सुरी आत गेलीच नाही. त्यांनी मुठीनं वरून ठोकून पाहिलं तर ठक असा आवाज आला. कुणी हसलं नाही. लिलाबाईसुद्धा आपला डबा आवरायला लागल्या.

चाचांनी माझ्याकडून भाजणावळ घेतली नाही. उलट कागदात चार खारी बांधून दिल्या आणि म्हणाले, "आईला सांग, रहेमानचाचाची चूक झाली. पोरीची नाही."

पण आईला सांगायचं नव्हतं. आमच्या घरात तसा नियम होता. फोनवर आईला फक्त चांगलं सांगायचं. फोन आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी यायचा. जाण्याआधी वाटेत आत्या दर वेळी बजावायची, "रडायचं नाही. मागायचं नाही. कधी येतेस असं विचारायचं नाही. सगळं छान आहे म्हणायचं. ती तिथे एकटी आहे, तिला घोर लावू नये." मला टायफॉइड झाला तेव्हा तिला सर्दी सांगितली. पप्पांचा अंगठा करवतीत सापडला तेव्हा दोन महिने पत्रं मी लिहिली आणि खाली घातलं, 'पप्पांना शाळेत फार काम आहे.' तो नियम आम्ही इतका पाळला की चार वर्षांत आमच्या घरात, आईच्या लेखी, एक पत्राही गळला नव्हता.

घरी गेल्यावर पप्पांनी केक पाहिला. सुरीनं कापून पाहिला. मग अवजारांच्या पेटीतून बारीक दातांची करवत काढली, स्पिरिटनं पुसली, आणि तो ट्रे मांडीवर घेऊन कापायला बसले. खर्र खर्र आवाज यायला लागला. खाली पडणारा भुसाही त्यांनी वाटीत गोळा केला.

"पप्पा, टाकून द्या ना," मी म्हणाले.

"टाकू? तुझ्या आईनं पाठवलाय."

त्यांनी बारा चौकोनी तुकडे केले, अगदी एकसारखे, सुताराचा गुण्या लावून कापल्यासारखे. एकावर एक रचले. म्हणाले, "हे बघ. चित्रासारखा झाला की नाही?"

मला भयंकर राग आला. ते माझी समजूत घालत होते, आणि माझ्या पैजेबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी परसात जाऊन खूप रडले. आई येणार नाही हे मला त्या क्षणी पक्कं कळलं होतं आणि तिच्या न येण्याला मी जबाबदार होते.

नाताळच्या दिवशी उपासना संपल्यावर आम्ही तिघं पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांच्या बैठकीत नाताळचा फराळ चालला होता, दहा-बारा माणसं होती, आणि फोन मधोमध. साडेबाराला तो वाजला. आधी पप्पा बोलले.

"मेरी ख्रिसमस, सरोज... हो हो, सगळं छान... केक? अगं, फारच छान झाला. मी तर चार तुकडे खाल्ले."

हे मात्र खरं होतं. त्यांनी चार तुकडे खाल्ले होते, चहात बुडवून, एकेक पाच-पाच मिनिटं. पुढे आठवडाभर ते रोज एक खात राहिले.

आत्या बोलली. मग मी. फोनच्या आत वारा वाहिल्यासारखा आवाज होता आणि त्याच्या पलीकडे आई होती.

"एस्तू? केलास का गं केक?"

"केला."

"कसा झाला? खरं सांग."

मी आत्याकडे पाहिलं. आत्या डोळ्यांनीच म्हणाली, नीट बोल. आणि मला एकदम वाटलं, हिला कशाला खरं सांगायचं? ही तिकडून खोकी पाठवते. हिला इथलं खरं हवं असतं तर ही इथे असती.

"एकदम चित्रासारखा झाला," मी म्हणाले.

"हो? कुणी मदत केली?"

"कुणी नाही. मी एकटीनं केला."

मला वाटलं लाइन गेली.

"मला वाटलं होतं, माझ्याशिवाय तुला..." ती म्हणाली.

"तुझ्याशिवाय काय? आमचं काहीसुद्धा अडत नाही. तू काळजी करू नकोस. तू नाही आलीस तरी चालेल."

बैठकीतले लोक कौतुकानं बघायला लागले. पाळकसाहेबांच्या बायको म्हणाल्या, "किती समजूतदार झाली हो पोरगी." आत्यानं डोळ्याला पदर लावला.

पलीकडून आई म्हणाली, "बरं झालं बाई." मग पुन्हा, "बरं झालं. शहाणी झालीस. अभ्यास कर हं." आणि फोन बंद झाला.

जानेवारीच्या शेवटी पत्र आलं. आईनं तीन वर्षांचा नवा करार केला होता. त्यानंतर आणखी एक झाला. ती कायमची परत आली ती २००३ साली. तेव्हा घरावर स्लॅब होती, वरती एक खोली होती, आणि मी पुण्यात होस्टेलला होते. सुट्टीला घरी गेले की ती माझ्यासाठी काय काय करायची आणि मी पाहुण्यासारखी "बास, बास" म्हणायचे. आमच्यात भांडण कधीच झालं नाही. आम्ही एकमेकींशी बोलायचो ते फोनवर बोलल्यासारखं. कशी आहेस? छान. काही हवंय? काही नको. समोरासमोर बसूनसुद्धा तेच. मला तिची किती आठवण यायची, हे मी तिला कधी सांगितलं नाही. ती शेजारच्या खोलीत झोपलेली असायची आणि मला तिची आठवण यायची, हे सांगायचं तरी कसं?

पप्पा गेले. आत्याही गेली. आई नगरला एकटीच राहते आणि वर्षातून दोनदा माझ्याकडे पुण्याला येते, पंधरा दिवस, जाण्याचं तिकीट काढूनच.

गेल्या डिसेंबरात आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायची होती, बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. माझी मुलगी रिबू दहा वर्षांची आहे. दुकानातून ती ब्राउनीचं खोकं घेऊन आली आणि आजीच्या मागे लागली. मी तसल्या खोक्यांच्या वाटेला जात नाही. का ते घरात कुणाला माहीत नाही, सगळे म्हणतात, हिला चॉकलेट आवडत नाही. त्या दोघींनी पीठ घोटलं. आई अजूनही ओठ चावत घोटते. ओव्हनची घंटा वाजली, रिबू हात धुवायला गेली आणि आईनं ट्रे बाहेर काढून सुरी खुपसली. सुरी ओली निघाली. आईनं ओव्हन बंद केला.

"अगं, कच्चा आहे," मी म्हणाले. "परत ठेव."

"कच्चा कुठला? झालाय."

"सुरी बघ ना. आणि फुगलाही नाही."

आई हसली. "ब्राउनी कुठे फुगते? आणि ही आतून ओलीच असते. सुरी कोरडी निघाली तर समजायचं, वाया गेली. तुला माहितेय की. तुझी त्या वर्षी किती छान झाली होती. चित्रासारखी."

सपाट केक. दोन बोटं उंच. वर चकचकीत पापुद्रा, त्याला भेगा. माझ्या जिभेवर त्या कागदावरची चव आली. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. सवयीनं. मग म्हणाले, "आई, तुला ते आठवतं?"

"न आठवायला काय झालं?" ती ट्रे जाळीवर ठेवत म्हणाली. "तो कराराचा कागद पुढ्यात ठेवूनच मी फोन केला होता. चार दिवस तसाच पडला होता, सही होत नव्हती. तुला आठवीत सोडून आणखी तीन वर्षं... मनाशी म्हटलं, एस्तूचा आवाज ऐकते. पोरीचं अडतंय असं नुसतं वाटलं, तरी कागद फाडून टाकते. स्लॅबचं काय व्हायचं ते होईल." ती सुरी धुवायला लागली. "आणि तू म्हणालीस, आमचं काही अडत नाही. इतका मोठा वाटला तुझा आवाज. बरं वाटलं. आणि रडायलाही आलं, एवढं की डेझीच्या जागेवरच्या पोरीनं माझी ड्यूटी केली त्या दिवशी."

नळाचं पाणी वाहत होतं. मी तो बंद केला.

"आई, तो केक जळाला होता."

"अं?"

"चार वेळा भट्टीत घातला आम्ही. कच्चा आहे म्हणून. पहिल्यांदाच झाला होता, पण कुणाला कळलं नाही. दगड झाला त्याचा. पप्पांनी करवतीनं कापला."

"करवतीनं?"

"आणि चहात बुडवून आठवडाभर खाल्ला. चित्रासारखा झाला तर तू येशील, अशी मी पैज लावली होती. देवाशी. म्हणून मीच पुन्हा पुन्हा भट्टीत घालायला लावला."

आईच्या हातात ओली सुरी तशीच होती. "मग सांगितलं का नाहीस गं? त्या दिवशी एवढंच म्हणाली असतीस, आई, केक जळला, तरी मी आले असते."

"आत्या म्हणायची फोनवर चांगलंच सांगायचं. घरात नियम होता तो."

"माहितेय," आई म्हणाली. ती खुर्ची ओढून बसली. "आत्याचा नव्हता तो. मीच तिला सांगून गेले होते. म्हटलं, ताई, पोरगी फोनवर रडली तर मला तिथे राहवायचं नाही. तिला रडू देऊ नका. मला चांगलं तेवढंच कळवा." सुरी टेबलावर ठेवत ती म्हणाली, "मीही तसंच करायचे ना. पहिली दोन वर्षं सहा जणी एका खोलीत होतो. तुम्हाला लिहिलं, मोठी खोली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो."

"दिसायचा?"

"भिंत दिसायची."

रिबू आत आली, ट्रेच्या कडेला लागलेलं बोटानं पुसून चाटलं आणि म्हणाली, "आजी, भारी झालंय!" आईनं कापून एक तुकडा तिला दिला, एक माझ्यापुढे ठेवला. मधला, सगळ्यात ओला. सत्तावीस वर्षांनी मी तो खाल्ला. चव तीच होती. रिबू आपली बशी घेऊन टीव्हीपुढे गेली.

दाराशी आईची बॅग उभी होती. ती निघाली की मी जे दर वेळी म्हणते, ते माझ्या तोंडात तयारच होतं: नीट जा, पोचलीस की फोन कर, आमची काळजी करू नकोस.

"आई," मी म्हणाले, "उद्या जाऊ नकोस ना."

"का गं? काही काम आहे का?"

"काम नाही. माझं अडतं तुझ्यावाचून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराकडे गेली.

"सुती साडी वर काढून ठेवते मग," बॅगेची चेन उघडत ती म्हणाली. "नाहीतर सगळी चुरगळते."